घासलेल्या कडेचं नाणं

दहा अगोरोतचं नाणं हे इस्रायलमधलं आज चालणारं सगळ्यांत लहान किमतीचं नाणं. व्यास २२ मिलिमीटर, वजन ४ ग्रॅम आणि रंग नुकत्याच चिंचेने घासलेल्या निरांजनासारखा. अशी दहा नाणी जमली की एक शेकेल होतो. मी ते पहिल्यांदा हातात घेतलं ते अलिबागला, इस्रायल आळीपासून जरा पुढे, एका कौलारू घराच्या ओसरीवर. घर बेने इस्रायल कुटुंबाचं, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना शेजारीपाजारी मावशी म्हणतात, मीही म्हणू लागलो. मावशींची थोरली बहीण साठच्या दशकात इस्रायलमधल्या लोदला गेली आणि तिकडचीच झाली. तिची मुलं-नातवंडं अधूनमधून येतात, खिशातली उरलेली चिल्लर मावशींच्या हवाली करून जातात. ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठली आहे.

मावशींनी डबा चटईवर उपडा केला, बोटाने चाळवाचाळव केली आणि हे पिवळं नाणं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "ही बघ, सात वातींची समई. मंदिरातली. आमच्या बहिणीने पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मी देव्हाऱ्याशेजारी ठेवायला निघाले होते. आमच्यात देव्हारा नाही हेच विसरले."

मी भिंग काढलं. मधोमध मेनोरा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष. खोड सरळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या. पण भिंगाखाली नजर खिळली ती त्या दीपवृक्षाभोवतीच्या रेषेवर. ती गोल नाही. कुठे चपटी, कुठे फुगलेली, एखादा टवका उडावा तशी कुठे आत गेलेली. नव्या नाण्याच्या आत एक जुनं, घासलेलं, वाकडंतिकडं नाणं बसवलेलं आहे. नाथान कार्प या चित्रकाराने १९८०च्या दशकात हे नाणं रेखाटलं, तेव्हा जुन्या नाण्याची झिजलेली कड त्याने दुरुस्त केली नाही. दोन हजार वर्षांनी ते ज्या अवस्थेत हाती आलं, त्याच अवस्थेत त्याने ते उतरवलं. हा लेख लिहायला बसलो तो त्या एका रेषेमुळे.

ते मूळ नाणं मत्तथियाह अँटिगोनस या राजाचं. हास्मोनी घराण्याचा हा शेवटचा राजा. या घराण्याने इ.स.पू. १६७च्या सुमारास ग्रीक सत्तेविरुद्ध बंड उभारलं, तीन वर्षांनी जेरुसलेमचं मंदिर शुद्ध करून पुन्हा दिवे लावले. त्याच दिव्यांचा सण म्हणजे हनुक्का. पण शंभर-सव्वाशे वर्षांत घराण्यात भाऊबंदकी माजली, रोम आत शिरलं. इ.स.पू. ४० मध्ये पार्थियनांच्या मदतीने अँटिगोनस जेरुसलेमच्या गादीवर बसला आणि इकडे रोमच्या सिनेटने हेरोदला यहुद्यांचा राजा म्हणून जाहीर केलं. एका गादीला दोन राजे. तीन वर्षं झुंज चालली. इ.स.पू. ३७ मध्ये हेरोद आणि रोमन सेनापती सोसियस यांनी जेरुसलेम घेतलं, अँटिगोनसला अँटिओकला नेलं आणि तिथे त्याचा शिरच्छेद झाला.

या तीन वर्षांतच ते तांब्याचं नाणं पडलं. आकाराने नखाएवढं. एका बाजूला मंदिरातला भाकरींचा मेज आणि हिब्रूत 'मत्तथियाह महायाजक'. दुसऱ्या बाजूला मेनोरा आणि ग्रीकमध्ये 'राजा अँटिगोनस'. अभ्यासक याचा एक सरळ अर्थ लावतात आणि मला तो पटतो. हेरोदला सिनेटने राजा केलं होतं, पण याजक करण्याचं सामर्थ्य सिनेटमध्ये नव्हतं. ते जन्माने मिळायचं आणि हेरोद पडला इदुमियाचा. ज्या वस्तूंपाशी फक्त याजकाने जायचं, त्या दोन वस्तू नाण्यावर छापून अँटिगोनस आपल्या माणसांना सांगत होता की मंदिराच्या आत जाणारा मी आहे. सांगून उपयोग झाला नाही. पण मंदिर उभं असताना काढलेली मेनोराची चित्रं जगात मोजकीच आहेत आणि त्यांत या हरलेल्या राजाचं नाणं आहे. रोममध्ये टायटसच्या कमानीवर कोरलेली मेनोरा जगाला ठाऊक आहे, पण ती लुटीची मेनोरा, सैनिकांच्या खांद्यावरून चाललेली.

बहुतेक यहुदी नाण्यांवर माणसाचा चेहरा का नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा कोरीव मूर्ती करू नको असं सांगते. ग्रीक आणि रोमन जगात नाणं म्हणजे राजाचा चेहरा. अलेक्झांडरनंतर तर चेहऱ्याशिवाय नाणं ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटावी. हास्मोनी राजांनी आपली नाणी पाडायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापुढे हा पेच होता. त्यांनी चेहऱ्याच्या जागी जहाजाचा नांगर घेतला, फूल घेतलं, जोडशिंगं घेतली, ज्यांतून फळं-धान्य ओसंडतं. जॉन हिरकॅनसच्या नाण्यावर अशी दोन शिंगं आहेत आणि त्यांच्या मधोमध डाळिंब. २००७च्या डिसेंबरमध्ये इस्रायलने दोन शेकेलचं नवं नाणं काढलं, त्यावर हेच चित्र आलं. समृद्धीचं शिंग मूळचं ग्रीकांचं. त्यात डाळिंब घालून हिरकॅनसने ते आपलं करून घेतलं.

आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. शिवरायांची तांब्याची शिवराई आठवा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्यावर चेहरा नाही, नुसती अक्षरं. १९९९ मध्ये भारत सरकारने दोन रुपयांचं शिवाजी महाराजांचं नाणं काढलं, त्यावर मात्र मुखचित्र आलं. चेहरा न छापता राजा लोकांच्या हाती पोचतो, हे मराठी माणसाला शिवराईने शिकवलेलं आहे.

आता शब्द. शेकेल म्हणजे वजन. हिब्रूत तोलणे या धातूवरून तो शब्द आला. नाणी जन्माला येण्याआधी चांदी तोलून द्यायची रीत होती. यहुदाच्या राज्यातली दगडी वजनं उत्खननात सापडली आहेत आणि त्यांवरून एक शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा ठरतो. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. तोळ्यानेच आपला रुपयाही तोलला गेला. दोन्हींचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण सोनाराच्या काट्यावर ज्यांचं लहानपण गेलं त्यांच्या हाताला शेकेलचा भार लगेच समजेल. अगोरा (अनेकवचन अगोरोत) हा शब्द बायबलमध्ये शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात येतो, चांदीच्या एका क्षुल्लक नाण्यासाठी. प्रुता हा मिश्नाकाळचा सगळ्यांत हलका पैसा. हिल्लेलच्या पंथाने सांगितलं की एका प्रुतेच्या मोलाची वस्तू वधूला दिली तरी विवाह ठरतो. नव्या राष्ट्राने पैशांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा ही सगळी नावं पोथ्यांतून उचलून बाजारात आणली. १९४९ला प्रुता, १९६०ला अगोरा, १९८०ला शेकेल. पुढे महागाईने त्या शेकेलचा कागद करून टाकला. १९८४ मध्ये भाववाढ वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५च्या सप्टेंबरमध्ये हजार जुन्या शेकेलना एक नवा शेकेल आला. मावशींच्या डब्यात दोन्ही काळांची नाणी आहेत आणि त्यांना त्यांतला फरक चोख ठाऊक आहे. "ही मेलेली, ही जिवंत," असं म्हणून त्या दोन ढीग करतात.

जिवंत ढिगातलं सगळ्यांत लहान नाणं एक शेकेलचं, १८ मिलिमीटरचं. त्यावर एक फूल आहे आणि बाजूला तीन चमत्कारिक अक्षरं. फूल लिलीचं, हिब्रूत शोशान. अक्षरं आहेत 'यहूद'. हे इ.स.पू. चौथ्या शतकातलं, पर्शियन साम्राज्यातल्या यहूद प्रांताचं नाणं. मूळ चांदीचा तुकडा इतका बारीक की अर्ध्या ग्रॅमचाही भरत नाही, मुठीत घेतला तर बोटांच्या फटीतून गळून जाईल. त्या काळी सगळा बाजार अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर चालायचा, म्हणून यहूदच्या काही नाण्यांवरही घुबड आहे. पण काहींवर लिली आली. या नाण्यांवरची अक्षरं बराच काळ चुकीची वाचली जात होती. १९३०च्या दशकात एलिअझर सुकेनिक यांनी ती 'यहूद' अशी वाचली आणि एक देवनाम समजलं गेलेलं नाव प्रांताचं नाव ठरलं.

या लिपीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आज आपण ज्याला हिब्रू लिपी म्हणतो ती चौकोनी अक्षरांची लिपी मुळात अरामी. बॅबिलोनच्या बंदिवासानंतर यहुद्यांनी ती उचलली. त्याआधीची, दावीद-शलमोनाच्या वंशातले राजे वापरत ती लिपी वेगळी, फिनिशियन वळणाची. हास्मोनी राजांच्या काळापर्यंत ती रोजच्या लिखाणातून जवळजवळ गेली होती. तरी त्यांनी नाण्यांवर मुद्दाम तीच घातली, पुढे रोमविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनीही तीच घातली. उद्या कुणी महाराष्ट्रासाठी एखादं स्मारक-नाणं काढलं आणि त्यावर मोडीत अक्षरं कोरली, तर वाचणारे किती निघतील? तरी आजोबांच्या दस्तांत, सातबाऱ्याच्या जुन्या चोपडीत ते वळण पाहिलेल्या माणसाचा हात नाण्यावर एक क्षण थांबेल. एक शेकेलवरच्या त्या तीन अक्षरांचं काम तेवढंच आहे.

इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध पहिलं मोठं बंड पेटलं. बंडखोरांनी जी कामं तातडीने केली त्यांत चांदीची नाणी पाडणं होतं. यामागे एक जुनी सल आहे. प्रत्येक यहुदी पुरुषाने मंदिराला वर्षाला अर्धा शेकेल द्यायचा आणि तो अस्सल चांदीचाच हवा. भरवशाची चांदी मिळायची ती फिनिशियातल्या टायर नगराच्या नाण्यात, पण त्यावर मेल्कार्त या परक्या देवाचं डोकं होतं. म्हणजे चेहरा निषिद्ध मानणाऱ्या मंदिराच्या तिजोरीत वर्षानुवर्षं परक्या देवाचे चेहरे जमा होत राहिले. ६६ साली जेरुसलेममध्ये जो शेकेल पडला तो त्याच तोलाचा, सुमारे १४ ग्रॅमचा. एका बाजूला मंदिरातला पेला आणि 'इस्रायलचा शेकेल', दुसऱ्या बाजूला एका देठावर तीन कोवळी डाळिंबं आणि 'पवित्र जेरुसलेम'. पेल्यावर बंडाचं वर्ष. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्या वर्षाची नाणी अतिशय कमी, कारण पाचव्या वर्षी, इ.स. ७० च्या उन्हाळ्यात, रोमन सेनापती टायटसने शहर घेतलं आणि मंदिर जाळलं. मासादाच्या किल्ल्यावर यिगाएल यादीन यांनी १९६३ ते ६५ या काळात खोदकाम केलं तेव्हा अशा शेकेलचे साठे मिळाले, पाचव्या वर्षाचेही.

चौथ्या वर्षी चांदी संपत आली असावी; तांब्याची मोठी नाणी दिसू लागतात. त्यांच्यावरचे शब्दही बदलतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तांब्यावर लिहिलं होतं 'सियोनचं स्वातंत्र्य'. चौथ्या वर्षी लिहिलं 'सियोनच्या मुक्तीसाठी'. आधी स्वातंत्र्य हाती आलं असं म्हणत होते, आता ते मागू लागले. वेढा आवळत चालला होता, हे या एका शब्दाच्या बदलातून जितकं कळतं तितकं मला इतिहासाच्या जाड ग्रंथातून कळलं नव्हतं. या चौथ्या वर्षाच्या नाण्यावर सुक्कोथच्या सणातला लुलाव आहे, म्हणजे खजुराच्या कोवळ्या झावळीची जुडी, आणि सोबत एत्रोग. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग. लुलाव आणि दोन एत्रोग १९८५च्या पाच अगोरोतवर आले होते. ते नाणं २००८ पासून चलनातून काढून टाकलं. बंडाच्या त्याच चौथ्या वर्षाच्या दुसऱ्या नाण्यावर सात झावळ्यांचं खजुराचं झाड आणि खाली दोन टोपल्या खजूर. ते झाड १९९५ पासून दहा शेकेलवर आहे आणि त्याच्याभोवती तेच शब्द, जुन्या लिपीत आणि नव्या लिपीत, 'सियोनच्या मुक्तीसाठी'. वेढ्यात सापडलेल्या शहराची मागणी आज फळवाल्याच्या गल्ल्यात खणखणते.

तिसरा टप्पा बार कोखबाचा. इ.स. १३२ ते १३५. शिमोन बेन कोसिबा, म्हणजेच बार कोखबा, या नेत्याने रोमला पुन्हा आव्हान दिलं. या वेळी टांकसाळीला स्वतःचा धातू नव्हता. त्यांनी बाजारात फिरणारी रोमन नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला. घाईत मारलेला ठसा खालचं चित्र पूर्ण पुसत नाही. म्हणून आज संग्रहालयांत अशी नाणी आहेत ज्यांत द्राक्षांच्या घोसाच्या कडेने एखाद्या सम्राटाच्या कपाळाची रेघ उरली आहे, वीणेच्या तारांशेजारून परक्या अक्षरांचे अवशेष डोकावतात. मोठ्या चांदीच्या नाण्यावर मंदिराचा दर्शनी भाग कोरला आहे, चार खांब आणि मधे काहीतरी पवित्र ठेवलेलं. मंदिर जळून तेव्हा ६२ वर्षं झाली होती. ज्याने तो ठसा कोरला त्याने ते मंदिर डोळ्यांनी पाहिलेलं असण्याची शक्यता फार कमी. आजोबांनी सांगितलेलं मंदिर त्याने नाण्यावर उभं केलं.

म्हणूनच १९४८ मध्ये नवं राष्ट्र उभं राहिलं तेव्हा पहिल्या नाण्यासाठी त्यांनी बार कोखबाचा द्राक्षांचा घोस उचलला, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. २५ मिलचं ते हलकं ॲल्युमिनियमचं नाणं. युद्ध चालू होतं, ते आधी जेरुसलेमला आणि मग होलोनला पडलं. त्याआधी ब्रिटिशांच्या पॅलेस्टाइनची नाणी होती, १९२७ पासूनची, भोकाची, ऑलिव्हच्या फांदीची. त्यांवर इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तिन्ही लिप्यांत पॅलेस्टाइन लिहिलेलं आणि हिब्रू नावापुढे कंसात दोन अक्षरं, 'एरेत्झ इस्रायल' या शब्दांची आद्याक्षरं. तिन्ही लिप्या नव्या नाण्यांवरही टिकल्या. आजही प्रत्येक इस्रायली नाण्यावर देशाचं नाव हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत आहे आणि साल हिब्रू अक्षरांत, यहुदी पंचांगाप्रमाणे. १९८५ तिथे ५७४५ होतं.

१९४९ पासूनची प्रुता मालिका पाहिली तर ती जुन्या नाण्यांच्या कपाटातून थेट काढल्यासारखी दिसते. एका प्रुतेवर नांगर, अलेक्झांडर यन्नाई राजाच्या नाण्यावरचा. पाचवर वीणा, दहावर सुरई, पंचवीसवर द्राक्षं, पन्नासवर द्राक्षवेलीचं पान, शंभरावर खजूर, अडीचशेवर सातूची तीन कणसं, पाचशेवर तीन डाळिंबं. वीणा, सुरई, द्राक्षं बार कोखबाची. डाळिंबं जेरुसलेमच्या शेकेलची. कणसं मात्र पहिल्या अग्रिप्पाची, म्हणजे रोमच्या मेहेरबानीने राज्य करणाऱ्या राजाची. निवड करणाऱ्यांनी फक्त बंडखोरांचाच वारसा घेतला असं म्हणता येत नाही आणि मला ते बरंही वाटतं. ज्या मातीत कणीस पिकलं ती माती राजाच्या निष्ठेवर अवलंबून नसते.

मावशींच्या मेलेल्या ढिगात नांगराचं ॲल्युमिनियमचं एक नाणं होतं. तळहातावर ठेवलं तर आहे की नाही कळत नव्हतं. "हे बहिणीने पहिल्या वर्षी पाठवलं," त्या म्हणाल्या. "तिकडे चालत नव्हतं म्हणून."

आता अर्ध्या शेकेलबद्दल. जिवंत नाण्यांत हे अंगाने सगळ्यांत रुंद, २६ मिलिमीटर. त्यावर वीणा आहे, नक्षीदार, फुलाचा गोंदणासारखा ठिपका असलेली. ही वीणा १९८५ मध्ये घेतली ती एका प्राचीन मोहोरेवरून. मोहोरेवर लिहिलं होतं, 'मआदाना, राजकन्या'. नाहमान अविगाद या मोठ्या पुरालिपी-तज्ज्ञाने १९७८ मध्ये ती प्रसिद्ध केली. यहुदाच्या एखाद्या राजाची मुलगी, तिची वीणा, तिची स्वतःची मोहोर; कुणाचंही मन जावं अशी गोष्ट. पण ती मोहोर उत्खननात, मातीच्या थरात मिळालेली नव्हती, बाजारातून आलेली होती. आज अनेक अभ्यासक तिला बनावट मानतात. म्हणजे लक्षावधी खिशांत फिरणारी राजकन्येची वीणा कदाचित विसाव्या शतकातल्या कुणा हुशार कारागिराची.

नाणं बदललं नाही. ते तसंच चालू आहे. मला वाटतं, बदलायला हवं. ज्या देशाने आपल्या चलनाचा पाया जमिनीतून निघालेल्या पुराव्यावर घातला, त्याने शंकास्पद वस्तू बाजूला ठेवायला कचरू नये, आणि बार कोखबाच्या नाण्यावर अस्सल वीणा वाट पाहते आहे, तीही दोन प्रकारची. प्राचीन वस्तूंच्या बाजारात पुरावा कसा नासतो याचं धडधडीत उदाहरण हातात धरून माणसं बसचं तिकीट काढतात. आपल्याकडे सोपारा-तेरसारख्या ठिकाणांहून खोदकामाविना उचलल्या गेलेल्या वस्तूंबाबत आपणही फार सावध नाही, म्हणून हे मला जास्त लागतं.

याच अर्ध्या शेकेलला एक धार्मिक बाजूही आहे. मंदिर गेलं, कर गेला, पण पुरीमच्या आदल्या दिवशी अर्ध्या नाण्याचं दान करायची प्रथा राहिली. १९६१ आणि ६२ साली बँक ऑफ इस्रायलने पुरीमसाठी मुद्दाम अर्ध्या शेकेलची स्मारक-नाणी काढली होती. बेने इस्रायलांच्या जुन्या मराठीत पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही फाल्गुनाच्या आसपास येतात. योम किप्पुरला म्हणत दारफळणीचा सण. कोकणात शतकानुशतकं शनिवार तेली म्हणून राहिलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या माणसांना हिब्रूचे शब्द आठवेनासे झाले तरी त्यांनी सण धरून ठेवले. मावशींना मी विचारलं, अर्धा शेकेल देता का पुरीमला? "आमच्या आईने रुपयाचे आठ आणे दिलेत," त्या म्हणाल्या. "अर्धं म्हणजे अर्धं. नाणं कुठलंही."

दहा अगोरोतकडे परत येतो, कारण त्याच्या घासलेल्या कडेने एकदा मोठं वादळ उठवलं. १९९०च्या मे महिन्यात जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे पॅलेस्टिनी नेते यासर अराफात बोलले. त्यांनी हे नाणं दाखवलं आणि म्हटलं की त्यावरची वाकडी रेषा म्हणजे विशाल इस्रायलचा नकाशा आहे, ज्यात शेजारच्या देशांचे प्रदेश गिळलेले आहेत. खुलासे झाले. ती रेषा अँटिगोनसच्या नाण्याची आहे, ते नाणं जगासमोर आहे, कुणीही शेजारी ठेवून पाहावं. वस्तुस्थिती म्हणून हा खुलासा पुरेसा आहे. नकाशाचा आरोप चुकीचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो आरोप अनेकांना खरा का वाटला, हे झटकून टाकता येत नाही. ज्याचं घर-शेत गेलं आहे तो माणूस वाकड्या रेषेत नकाशाच पाहतो. एकाच्या आठवणीची कड दुसऱ्याला आपल्या जमिनीची हद्द वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिन्हांनी आजचं चलन भरलं की त्या चिन्हांबरोबर जमिनीवरचा दावाही खिशात येतो, आणि त्याच जमिनीवर राहणारे दुसरे लोक तीच नाणी वापरतात, मोजतात, सुटे म्हणून घेतात. नाण्यावरचं अरबी नाव त्यांना पुरतं का, हे त्यांनीच सांगायचं.

पाच शेकेलवर बारा कोनांच्या चौकटीत एका खांबाचं शीर्ष आहे, दोन्ही बाजूंना वळलेल्या खजुराच्या पानांसारखं. यहुदा आणि इस्रायलच्या राजवाड्यांवर अशी शीर्षं असत. २०२०च्या सप्टेंबरमध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला अर्मोन हानात्झीव टेकडीवर अशी तीन शीर्षं सापडल्याचं जाहीर झालं, दोन तर एकावर एक नीट पुरून ठेवलेली. तेव्हा बातम्यांत पहिली ओळख हीच दिली गेली की पाच शेकेलवरचा खांब सापडला. नाणं आधी होतं, दगड मागून आला.

खजुराचं मात्र वेगळं. रोमन लोक यहुदियाला खजुरानेच ओळखत. जेरुसलेम पडल्यावर सम्राट व्हेस्पेशियनने पितळी आणि चांदीची नाणी काढली, मधे खजुराचं झाड, झाडाखाली बसलेली रडणारी बाई, आणि लॅटिनमध्ये शब्द, 'यहुदिया जिंकली'. बंडखोरांनी ६९ साली आशेने कोरलेलं झाड जेत्यांनी दोन-तीन वर्षांत त्यांच्याच शोकाचं झाड केलं. मंदिराला जाणारा अर्धा शेकेल आता रोमच्या ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून वसूल होऊ लागला. पुढे ९६ साली नेर्व्हा सम्राटाने या कराच्या वसुलीतले खोटे आरोप थांबवले, त्याच्या नाण्यावरही तेच झाड. १९५८ मध्ये, राष्ट्राला दहा वर्षं झाली तेव्हा, इस्रायलने एक पदक काढलं. एका बाजूला रोमचं ते नाणं जसंच्या तसं, दुसऱ्या बाजूला त्याच रचनेत नवं चित्र: बाई उभी राहून मूल वर उचलते आहे आणि पुरुष रोप लावतो आहे. १८८७ वर्षांनी दिलेलं उत्तर त्याच धातूच्या भाषेत.

आणि झाड खरोखरच परत आलं. यहुदियाचा तो नामांकित खजूर मध्ययुगानंतर नामशेष झाला होता. मासादाच्या खोदकामात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या, त्या चार दशकं कपाटात पडून होत्या. सारा सॅलन यांनी त्या मागून घेतल्या, एलेन सोलोवी यांनी २००५ मध्ये अरावाच्या वाळवंटातल्या केतुरा किबुत्झवर त्या रुजवल्या. एक अंकुरली. झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला, बायबलमधल्या ९६९ वर्षं जगलेल्या पुरुषाचं. तो नर निघाला. मग आणखी जुन्या बिया रुजवल्या, त्यांत हाना नावाची मादी आली. तिला मेथुसेलाचे परागकण दिले आणि २०२० मध्ये खजूर लागले. शंभराच्या आसपास. पाहिलेल्यांनी ते चाखले. दहा शेकेलच्या नाण्यावरच्या त्या दोन टोपल्यांत जे खजूर आहेत, त्याच कुळातले.

मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्यांच्याकडे मलिदा होता. नातवाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता, एलियाहू हानबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला. मोठ्या परातीत गूळ-खोबऱ्याचे पोहे, भोवती केळी, सफरचंदाच्या फोडी आणि खजूर. त्यांनी दहा शेकेलचं नाणं डब्यातून काढलं, परातीशेजारी आणून डोळ्यांजवळ धरलं. टोपल्या त्यांना दिसल्या नाहीत, भिंग दिलं तेव्हा दिसल्या. "दोन आहेत," त्या म्हणाल्या, "एकीला पुरलं नसतं." मग परातीतला एक खजूर उचलून माझ्या हातावर ठेवला, नाणी मोजून डब्यात टाकली, जिवंत वेगळी, मेलेली वेगळी, आणि झाकण घट्ट बसावं म्हणून डबा दोनदा मांडीवर आपटला.